पहिल्या नंबरचं कॉलेज

आमच्या गावात कोणाला कसलाही फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, जातीच्या दाखल्याचा, अगदी विहिरीच्या अनुदानाचासुद्धा. मोताळा तालुक्यातल्या ह्या गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि शाळा सुटली की माझ्या ओसरीवर दुसरी शाळा भरते. मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. फोटो उलटा चिकटवला तरी मी ओरडते, नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेनं लिहिलं तर जास्त ओरडते. पण माझ्या हातचा फॉर्म कधी परत आलेला नाही. हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. दुसऱ्या कोणी सांगायची वाट पाहण्याइतका धीर माझ्यात नाही.

बारावीची पोरं आली की त्यांना मी एकच गोष्ट दहादा सांगते. इंजिनिअरिंगला जायचं तर कॉलेजांची यादी भरायची असते, आपल्या पसंतीच्या क्रमानं. गुण पाहून त्यातलं एक कॉलेज आपल्याला मिळतं. खालच्या नंबरचं मिळालं तर पुढच्या फेरीत वरच्याची वाट पाहता येते. पण पहिल्या नंबरचं मिळालं की विषय संपला. ते घ्यायचं, नाहीतर सगळ्या फेऱ्यांमधून बाहेर व्हायचं. म्हणून मी पोरांना समोर बसवते आणि विचारते, तुले कुठं जायाचं हाय? बापाले नाही, मामाले नाही, तुले. त्यानं तोंडानं नाव घेतल्याशिवाय मी पहिल्या नंबरवर काही लिहीत नाही.

आणि ही शहाणी बाई स्वतःच्या पोटच्या पोरीच्या फॉर्मात नेमकी तिथंच चुकली. दोन वर्षं झाली त्याला. आता सांगायला हरकत नाही.

आमच्या ह्यांचं मोताळ्याला शेतीची अवजारं दुरुस्त करायचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, एक वेल्डिंग मशीन, एक लोखंड कातायचं जुनं लेथ, आणि समोर रांगेत पेरणीयंत्रं, रोटाव्हेटर, थ्रेशर. पोरगी तिथंच वाढली. गृहपाठ ती थ्रेशरच्या पत्र्यावर वही ठेवून करायची, त्यामुळे वहीच्या प्रत्येक पानाला ग्रीसचा अंगठा. मास्तरणीच्या पोरीच्या वहीला डाग! मी कपाळ बडवून घेतलं, पण तिला त्याचं काही नाही. दहावीत असतानाच ती आवाज ऐकून सांगायची की बेअरिंग गेलंय का बेल्ट सैल आहे. बारावीनंतर काय, हा प्रश्नच नव्हता. मेकॅनिकल. मी एकदोनदा कॉम्प्युटरचं नाव काढून पाहिलं, तर ती माझ्याकडे बघून नुसती हसली.

प्रश्न होता तो कॉलेज कोणतं, हा. परीक्षा झाल्यावर मे महिन्यात ती आणि तिचे वडील पुण्याला गेले. ह्यांचे मोठे भाऊ तिथं एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहेत. मी त्यांना भाऊजी म्हणते, पोरगी मोठे बाबा म्हणते. माणूस फार चांगला. ह्यांना हात धरून आयटीआयला घातलं ते त्यांनीच, नाहीतर ते आज कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असते. म्हणून त्यांचा शब्द आमच्या घरात कोणी खाली पडू देत नाही. त्यांनी पुतणीला एक मोठं, नावाजलेलं कॉलेज दाखवायला नेलं. हे सांगत होते, गेटच एवढं की आपलं अख्खं दुकान त्यातून आडवं जाईल. पोरीनं वर्कशॉप दाखवा म्हटलं. तिथं सगळी यंत्रं नवी, चकाचक, भोवती पिवळी रेघ आखलेली आणि बोर्ड, हात लावू नये. तिनं वाकून लेथच्या खाली पाहिलं. लोखंडाच्या चुऱ्याचा एक कण नव्हता.

परत आल्यावर आठ दिवसांनी ती वडिलांच्या मोटरसायकलवर आपल्याच जिल्ह्यातलं एक कॉलेज पाहायला गेली. नाव फार मोठं नाही. गेटाशी रसवंतीवाला आणि झेरॉक्सचं दुकान. पण वर्कशॉपमध्ये शिरताच पायाखाली चुरा कुरकुरला, असं ती सांगत होती. एक मुलगी कोपरापर्यंत काळे हात करून गिअरबॉक्स उघडून बसलेली. कोपऱ्यातलं एक लेथ थरथरत होतं आणि तिथले सर त्याला शिव्या घालत होते. आमच्या बाईसाहेब न राहवून बोलल्याच, की सर, ह्याचा पायाचा बोल्ट ढिला असेल. सरांनी वर पाहिलं, हातातला पाना तिच्याकडे दिला, म्हणाले, मग आवळ. तिनं आवळला. लेथ गप झालं.

त्या संध्याकाळी ती नखांत काळं घेऊन घरी आली आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आई, तिथं मले हात लावू देतात." कॉलेज निवडायचं तर लोक प्लेसमेंट बघतात, होस्टेल बघतात. आमच्या पोरीनं जमिनीवरचा चुरा पाहून कॉलेज निवडलं. मला तेव्हाच तिचा अभिमान वाटायला हवा होता. मी म्हटलं, हात धुऊन ये आधी.

तिनं वहीच्या पानावर यादी लिहून माझ्याकडे दिली. एक नंबरला ते जिल्ह्यातलं कॉलेज, खाली आणखी पाच. फॉर्म भरायचा दिवस आला तेव्हा पेरण्या जोरात होत्या. दुकानात बिघडलेल्या पेरणीयंत्रांची रांग लागलेली, म्हणून ती सकाळीच वडिलांबरोबर गेली. जाताना म्हणाली, तूच भर, तुझ्या हातचं काही चुकत नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

त्याच दिवशी भाऊजी घरी होते. चिखलीला एका नातलगाच्या वास्तुशांतीला आले होते आणि तिथून आमच्याकडे मुक्कामाला. चहाचा कप घेऊन माझ्या लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढून बसले. आता आमच्या घराण्याची एक रीत सांगायला पाहिजे. यादी म्हटली की पहिलं नाव मोठ्याचं. लग्नाची पत्रिका असो, बोअरच्या पूजेचं आमंत्रण असो, नाहीतर शाळेच्या झेंडावंदनाचा फलक असो. एका बारशाच्या पत्रिकेत ह्यांच्या चुलत्याचं नाव तिसरं छापलं गेलं, तर ते दारापर्यंत येऊन न जेवता परत गेले होते, आणि तीन वर्षं बोलले नाहीत. अशा घरात सून म्हणून वीस वर्षं काढलेली बाई मी. हात आपोआप तसाच चालतो.

भाऊजींनी विचारलं, आपलं पुण्याचं कुठं टाकलं? मी पोरीची यादी पाहिली, त्यात ते नव्हतंच. जीभ चावली. मोठ्या माणसानं रजा काढून पोरीला कॉलेज दाखवलं, राहू-खाऊ घातलं, आणि यादीत त्याचं नावसुद्धा नाही? मग सहाव्या खाली सातवं टाकू? शेवटच्या पंगतीला बसवल्यासारखं? मी मागच्या वर्षीचा कटऑफ काढला. पोरीचे गुण त्यापेक्षा थोडे कमी होते. लागणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. डोक्यात हिशेब झाला की भाऊजींचं वर टाकू, ते लागणार नाही, पोरीचं दोन नंबरला आहे ते लागेल. मान पण राहील आणि काम पण होईल. माझ्या हुशारीवर मीच खूश झाले. माझ्याच मोबाईलवर ओटीपी आला, मी टाकला, फॉर्म पक्का झाला. भाऊजींनी मान डोलावली आणि म्हणाले, तुमच्यासारखी नेटकी बाई ह्या घरात आली म्हणून बरं.

त्या वर्षी त्या कॉलेजचा मेकॅनिकलचा कटऑफ खाली आला.

यादी लागली तेव्हा मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत मोबाईलवर पाहिलं. पहिला नंबर. पुणं. भाऊजींना माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी ऑफिसात पेढे वाटले आणि मला फोन करून म्हणाले, पोरीनं घराण्याचं नाव काढलं. गावात तासाभरात झालं, बाईंची पोरगी पुण्याले चालली. लोक ओसरीवर यायला लागले. आता लाज सोडून सांगते, दोन दिवस मला ते आवडलं. पुणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत जे येतं ते मी मिटक्या मारत पाहिलं. मनाला समजावत होते, चूक झाली खरी, पण चांगलीच झाली ना. जाईल पोरगी, रमेल.

पोरगी मात्र न रडता, न भांडता दुकानात जायची आणि यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्यापुढे पेढ्याचा बॉक्स ठेवला, तेव्हा ती बोलली.

"तू गावातल्या पोरायचे फॉर्म भरतं, तवा पहिले त्यायले विचारतं. मले काऊन नाही विचारलं?"

बस्, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. चूक पकडली गेली की मी काय करते ते सगळ्या गावाला माहीत आहे. मी भडकले. तुझ्यासाठी किती केलं, लोकांच्या पोरी पुण्यासाठी देव पाण्यात घालून बसतात, तुला घरबसल्या मिळालं तर माज आला, काय वाट्टेल ते बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की ती पुण्याला जाणार नाही. सगळ्या फेऱ्या होऊन गेल्यावर जिल्ह्यातल्या त्या कॉलेजात ज्या जागा उरतील त्या कॉलेज स्वतः भरतं, तेव्हा ती तिथं अर्ज करणार.

मी म्हटलं, आणि एकही उरली नाही तर?

तर एक वर्ष दुकानात काम करीन, असं ती म्हणाली. पुढल्या वर्षी पुन्हा भरीन, माझ्या हातानं.

वर्ष! मास्तरणीची हुशार पोरगी, आणि घरी बसणार, तीही माझ्या हातच्या फॉर्मामुळे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, बाप तरी रागवेल. आमचे हे म्हणजे दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. हात पुसत म्हणाले, "ते कॉलेज तिनं पाह्यलं हाय. आपन दोघायनं नाही." आणि अंघोळीला निघून गेले.

रात्रभर कूस बदलली वगैरे लिहायला मला आवडत नाही, कारण मी झोपले. रागानं दमलं की मला झोप लागते. सकाळी उठले तेव्हा राग उतरला होता आणि उरलं होतं ते फार कडू होतं. पोरीनं आयुष्यात मागितलेली पहिली मोठी गोष्ट, आणि ती मी एका खुर्चीवर बसलेल्या माणसाचं मन राखायला खर्चून टाकली. चूक माझी, तर निस्तरायची सुरुवातही मीच करायला हवी होती. मी भाऊजींना फोन लावला.

सांगून टाकलं सगळं. पोरगी येणार नाही. तिची पसंती दुसरी होती. तुमचं कॉलेज मी वर टाकलं ते तुमच्या मानापोटी. मग भाऊजी शांतपणे म्हणाले, "म्हणजे लागणार नाही असं समजून तुम्ही ते वर टाकलं होतं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची हिंमत नव्हती.

ते म्हणाले, ह्याला मान म्हणत नाहीत, माझी समजूत काढली तुम्ही, एखाद्या लहान पोराची काढतात तशी. खालीच टाकलं असतं तर मला चाललं असतं. बरोबरच होतं त्यांचं. वीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्याशी खरं बोलले होते, आणि त्यांनीही माझ्याशी. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, पोरीला ते तिकडचं एवढं का आवडलं? मी चुऱ्याचं सांगितलं, पान्याचं सांगितलं. ते थोडं हसले की काय, मला नीट कळलं नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. दुसरी फेरी गेली. तिसरी गेली. वर्गातल्या मैत्रिणी बॅगा भरून अमरावती, नागपूर, संभाजीनगरला गेल्या. बाजाराच्या दिवशी बाया मला थांबवून विचारायच्या, पोरीचं काय झालं व बाई, पुणं काऊन सोडलं? त्या विचारण्यात काळजी किती आणि मजा किती हे मला चांगलं कळतं. आधीची मी असते तर चारचौघांत त्यांची तोंडं बंद केली असती. आता सांगायची, फॉर्म मी चुकवला. माझ्या तोंडून हे ऐकून बाया भाजीचा भाव विचारायला लागायच्या.

एका रविवारी मी दुकानात डबा घेऊन गेले. तसं मी तिथं फार जात नाही, कपड्यांना वास लागतो. एक म्हातारे शेतकरी आपला फवारणीचा पंप घेऊन बसले होते. आमचे हे म्हणाले, दाखवा इकडं. म्हातारबुवा म्हणाले, नाही, पोरीले येऊ द्या. पोरगी थ्रेशरखालून बाहेर आली, पंप उघडला, आतली वाटी झिजली आहे म्हणाली, बदलून दिली. तिला गिऱ्हाईक नावानं शोधत येतं हे मला माहीतच नव्हतं. तिच्या शाळेची सगळी प्रगतिपुस्तकं मी फायलीत लावून ठेवली आहेत, आणि ही गोष्ट मला अठरा वर्षांनी कळली. मी डबा ठेवला आणि तिथंच एका टायरवर बसून राहिले. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. पण त्याचबरोबर धास्तीही वाटली, कारण ही पोरगी एक वर्ष इथं राहिली तर कोणी तिला नावं ठेवणार नव्हतं, आणि तरी तिचं शिकायचं एक वर्ष जाणारच होतं.

शेवटी उरलेल्या जागांची तारीख आली. मेकॅनिकलला तीन जागा होत्या आणि अर्ज किती ते कोणी सांगत नव्हतं. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. ती खिडकीशी, मी कागदांची फाईल मांडीवर घट्ट धरून. कॉलेजच्या हॉलमध्ये पन्नासेक पोरं आणि त्यांचे आईबाप. गुणांप्रमाणे नावं पुकारणार होते. मी कोणाच्या हातात किती गुणांचा कागद आहे ते चोरून वाचत होते. पोरगी मात्र दाराकडे बघत होती. दारातून समोरचं वर्कशॉप दिसत होतं.

पहिलंच नाव तिचं निघालं.

मी उठले ते फाईल सांडवत उठले. टेबलामागे एक साहेब होते, चष्मा कपाळावर. त्यांनी तिचे गुण पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं, मग परत कागद पाहिला. म्हणाले, एवढे गुण असून पहिल्या फेरीत तुम्हाला काहीच लागलं नाही? काही चूक झाली का फॉर्म भरताना?

महिनाभर हेच सांगत होते, तेच सांगणार होते. माझी चूक, साहेब. पण ती माझ्या आधी बोलली.

"नाही सर. पुण्याचं लागलं होतं, मीच सोडलं. मी हे कॉलेज पाहून गेले होते. मला इथंच शिकायचं आहे."

तिनं ना चूक काढली, ना आईचं नाव घेतलं. हॉलमधल्या पन्नास लोकांसमोर तिनं माझी चूक उचलून आपल्या निर्णयाखाली ठेवून दिली, आणि ती तिथं दिसेनाशी झाली. ही माझी पोरगी. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं त्या सगळ्यांना.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे वळले. पालक तुम्ही ना, असं विचारलं. एकदा ही जागा घेतली की बदलता येणार नाही, तेव्हा तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा, मग मी लिहितो.

शाळेतली माझी पुस्तकी भाषा त्या वेळी कुठं गेली कोण जाणे. डोळे गळत होते आणि मी ते पुसतही नव्हते. मी म्हटलं, "माह्यं काय विचारता साहेब. शिकाचं तिले हाय, तिलेच विचारा."